शिलाहारांचा राखीव खेळाडू

मुख्तार सरांनी फुटबॉलचा संघ जाहीर केला, तेव्हा तो कोणी मैदानात उतरवावा अशी त्यांची मुळीच अपेक्षा नव्हती. वाचकांना लाज वाटावी, एवढाच त्यांचा माफक हेतू होता.

वळ गावच्या मैदानाच्या कडेला शिलाहारांच्या काळातला एक कोरीव दगड उभा होता. हे रान गावाच्या गुरांसाठी सोडले आहे, असे त्यावर लिहिलेले होते; वर चंद्रसूर्य आणि खाली एक चित्र कोरलेले होते. तेच रान आता कागदोपत्री दौलतशेठचे झाले होते आणि तिथे गोडाऊनचे ट्रक उभे राहणार होते. इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक असलेल्या सरांनी दगड वाचवण्यासाठी अर्जांवर अर्ज केले. ‘प्रस्तुत अभिशापशिल्पाचे सांस्कृतिक मूल्य अपरिमेय आहे,’ असे त्यांचे प्रत्येक अर्जातले पहिले वाक्य असे. दुसऱ्या वाक्यापर्यंत कोणी पोहोचल्याचा पुरावा उपलब्ध नाही.

तेव्हा सरांनी थंड डोक्याने एक लेख लिहून भिवंडीच्या साप्ताहिकाकडे धाडला. शिलाहार हे साडेसातशे वर्षांपूर्वी बुडालेले कोकणचे राजघराणे. त्यांचा आज फुटबॉल संघ असता, तर निदान त्यांची नावे तरी तुम्हांला पाठ असती, असा त्याचा सूर होता. गोलरक्षक सोपारा बंदराचा जकात अधिकारी, कारण त्याच्या हाताखालून फुकट काही जात नसे. मधल्या फळीत मंत्री, कारण आलेला चेंडू दुसऱ्याकडे ढकलण्याचा त्यांना सराव. कर्णधार अर्थातच शेवटचा राजा, जो यादवांशी लढता लढता समुद्रात बुडाला. आणि राखीव खेळाडू म्हणून वळचा दगड: ‘आठशे वर्षे कडेला उभा आहे, त्याला कोणी आत घेत नाही.’ सोबत दगडाचे छायाचित्र होते.

छापून आलेला लेख वाचून सरांच्या पत्नी सईदा म्हणाल्या, “पहिल्यांदा कळेल असं लिहिलंत. तब्येत बरी आहे ना?”

सकाळी फोन वाजला तो दौलतशेठचा. “सर, कडक टीम बनवलीत. आमच्या टुर्नामेंटात एक टीम कमी पडतेय, पोरांची शिफ्ट बदलली. तुमची शिलाहार टाकली बघा.”

“दौलतशेठ, ती मंडळी तेराव्या शतकात वारली.”

“बदली पोरं आना. आनि ऐका, तुमची टीम खेळात हाय तवर त्या दगडाला हात न्हाय लावनार. हरली का जेसीबी फिरवनार. जबान दिली.”

उपहासाचा एवढा व्यावहारिक उपयोग सरांना अपरिचित होता. पण दगडासाठी ते काहीही करायला तयार होते, अगदी फुटबॉलसुद्धा. लूम चालवणारा पुतण्या इमाद मदतीला धावला. त्याने दोन शिफ्टमधून अकरा कारागीर गोळा केले, कापड स्वतःच्या लूमवरचे घेतले, धामणकर नाक्याजवळ जर्सी छापून घेतल्या आणि मोठ्या अभिमानाने एक चाचांपुढे पसरली.

सर पाहतच राहिले. दगडावरचे चंद्रसूर्य झिजले होते म्हणून इमादने ते वगळले होते, आणि खालचे गाढव स्पष्ट होते म्हणून तेच प्रत्येकाच्या छातीवर मोठे करून छापले होते. गाढवासोबत एक स्त्रीही होती.

“हे काय आहे, कळतंय का तुला?” सरांनी विचारले.

“गाढवाला चारा घालणारी बाई. मेहनतीचं निशाण. का, चाचा?”

सरांनी सईदांकडे पाहिले. सईदा खिडकीकडे पाहू लागल्या. “चाराच घालतेय,” सर म्हणाले. चाळीस वर्षांच्या अध्यापनात त्यांनी दिलेला हा पहिला चुकीचा संदर्भ.

सामना रविवारी होता. समोरचा संघ पाहून सरांना इतिहासाच्या रसिकतेबद्दल घृणा वाटली: यादव ट्रान्सपोर्ट. मैदानाच्या एका टोकाला बांबूचा गोल होता. दुसऱ्या टोकाला बांबू कमी पडल्यामुळे एक खांब म्हणून तो दगडच धरला होता. त्याच्या मागे जेसीबी उभा होता. शिलाहारांनी परंपरेला बट्टा लावला नाही. यादवांनी त्यांना नऊ विरुद्ध शून्य असे बुडवले, आणि या वेळी समुद्राचीही गरज पडली नाही.

जेसीबी धडधडू लागला. सर मांडवात खाली मान घालून बसले. शेजारच्या खुर्चीत बक्षिसे वाटायला दौलतशेठची आई, कमळाबाई, माईक हातात धरून बसल्या होत्या.

“मास्तर,” त्या म्हणाल्या, “या पोरांच्या छातीवं गाढव कशाला?”

“तो शाप आहे, आजी. गावाचं हे रान जो घेईल, त्याच्यासाठी.”

दौलतशेठ हसले. “लई शाप घेतलेत आपण. आजून एक.”

“नेमका घेणाऱ्याला नाही,” सर चाचरले. सगळ्या अर्जांत जे त्यांनी सभ्यतेपोटी संस्कृतात गुंडाळले होते, ते आता ओठांवर येईना. “शापाचा विषय, म्हणजे, त्या इसमाची माता असते.”

“मराठीत सांगा.”

सरांचे कान लाल झाले. तेव्हा सईदा उठल्या, माईकवर हात ठेवला आणि कमळाबाईंच्या कानात एकच वाक्य बोलल्या.

कमळाबाईंनी जवळच्या खेळाडूची जर्सी दोन्ही हातांनी ताणून नीट पाहिली. मग जेसीबीकडे पाहिले. मग मुलाकडे. सईदांचा हात माईकवरून निघाला होता.

“दौल्या,” सगळ्या मैदानाला ऐकू गेले, “त्यो जेसीबी आधी घरी ने.”

“आई, जुनी लोकं कायपन लिवायची.”

“तुला काय जातंय सांगायला. गाढव तुज्याकं येनार हाय का?”

जेसीबी गेला. राखीव खेळाडू शेवटी मैदानात आला आणि जागचा न हलता जिंकला.

पुढच्या आठवड्यात दौलतशेठचा पुन्हा फोन आला. आवाज फार अदबीचा होता.

“सर, त्या टाइपचा आजून एखादा दगड सापडंल का? शेजारचा गोडाऊनवाला आमच्या बांधात घुसतोय. त्याची आई खमकी हाय.”

प्रक्षिप्त, म्हणजे मागाहून घुसडलेला, पुरावा कसा ओळखावा, यावर सरांचे दीडशे पानांचे पुस्तक होते. त्यांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिले.

“शोधतो,” ते म्हणाले.