रशीदचाचांचे बाण

अंबाजोगाईत आमच्या शेजारी राहणारे रशीदचाचा दिसेल त्या कागदावर बाण काढतात. एकदा माझ्याकडे चहा प्यायले आणि उठता उठता लाइटबिल, एक लग्नपत्रिका आणि त्या दिवशीचा पेपर, तिन्हींवर डावीकडून उजवीकडे बाण काढून गेले.

"कुठून सुरू करायचं ते कळाया पायजे, मॅडम. टायरवर बी बाण असतो. उलटं बसलं की गाडी घसरती."

चाचांचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. हे खूळ त्यांची नात आलिया पहिलीला माझ्या वर्गात आली तेव्हापासूनचं. सकाळी मशिदीत उर्दू, ती उजवीकडून. मग माझ्याकडे मराठी, ती डावीकडून. पहिल्याच महिन्यात तिनं 'घर'चं 'रघ' वाचलं आणि चाचा पाटी घेऊन माझ्या दारात.

"पोरगी बिघडली का पुस्तक?"

"कुणीच नाही. दोन लिप्या शिकताना मुलं गोंधळतात. आपोआप सुटतं ते."

"आपोआप तर नट बी सुटतो. त्याला चांगलं म्हनत न्हाईत."

मग त्यांनी एक भाषा बंद करायचं ठरवलं. सोमवारी उर्दू बंद, मंगळवारी मराठी. बुधवारी माझा सल्ला घ्यायला आले आणि समजावता समजावता माझंच डोकं फिरलं. शेवटी दोन्ही चालू राहिल्या. वहीच्या प्रत्येक पानावर बाण.

संध्याकाळी दुकानात आलिया मोठ्यानं वाचायची, चाचा प्लग घासत ऐकायचे. एकदा चित्रावर बोट ठेवून ती म्हणाली, "मगर."

चाचांचा हात थांबला. त्यांच्या बोलीत मगर म्हणजे 'पण'. "मगर क्या?"

"मगर बस, बडेअब्बा."

"मगर के आगे कुछ तो रहता."

आलियानं मगरीचं चित्र त्यांच्या नाकासमोर धरलं.

दिवाळीपर्यंत आलिया दोन्हीकडून सरळ वाचू लागली. चाचांनी गल्लीत पेढे वाटले.

परवा मात्र ते शाळेच्या फाटकाशी घुटमळत होते.

"मॅडम, तिला मोठ्यानं वाचायला सांगा."

"आता गरज नाही चाचा. ती मनात छान वाचते."

"त्येच की." त्यांनी काळे हात फडक्याला पुसले. "मनात वाचली की मला कायबी कळत न्हाई. उर्दू न्हाई, मराठी न्हाई. तिचं ऐकून ऐकून नवव्या धड्यापस्तोर आलतो मी."

त्या दिवशी मी सगळ्या वर्गाला गृहपाठ दिला: घरातल्या मोठ्या माणसाला धडा वाचून दाखवा.

आलियानं तो उतरवून घेतला आणि जवळ येऊन हळूच विचारलं, "दोनदा वाचलं तर चालेल का? बडेअब्बांना एकदा वाचून समजत न्हाई."