हरलेल्यांना घरी पाठवा

रग्बीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा कशी भरवावी, हे आधी मला विचारायला हवं होतं. हसू नका. चामोर्शीजवळच्या आमच्या गावात तलावात जाळं कधी टाकायचं ते मीच ठरवतो, आणि भारताच्या संघात खेळणारी पायल माझीच पोरगी आहे!

उन्हाळ्यात तलाव आटला की सगळं गाव मिळून मोठं जाळं ओढतं. दोराला प्रत्येक घरचा एक हात लागायलाच हवा. आमच्या घरचा हात पायलचा. पण शिबिरांपायी ती गेल्या उन्हाळ्यातही आली नाही. पोरीवाचून मला करमत नाही, म्हणून यंदा मी बेत आखला. समोरचे संघ तगडे, आपल्या पोरी लवकर हरणार, आणि हरलं की थेट घरी. मी जाळ्यासाठी रविवार जाहीर केला आणि तलावातलं जास्तीचं पाणीही सोडायला लावलं.

सामना बघायला गाव समाजमंदिरात जमलं. पायल जाळ्यातून निसटलेल्या मरळीसारखी पळत होती. तरी आपण हरलो, आणि माझ्या हातांनी मला न विचारता टाळ्या वाजवल्या.

शेजारच्या मुखरूभाऊंनी पोरी जिंकाव्यात म्हणून सकाळीच मारुतीला नारळ फोडला होता. ते वळून म्हणाले, "काऊन इस्तारी, पोट्टी हारली अन् तू टाळ्या वाजवून राह्यला?"

खेळ चांगला झाला म्हणून, असं मी सांगितलं. कोणाला पटलं नाही. माझी बायको कुंता उठून दूर जाऊन बसली. मी बाहेर येऊन पायलला फोन लावला.

"कवा येशीन व माय?"

"आता नाई, बाबा. हारलेल्यायचेबी सामने असतात. नववा नंबर कोनाचा, ते ठरते."

नववा नंबर! हरलेल्या पोरींना आणखी खेळवायचं, ही कुठली पद्धत? ही बदललीच पाहिजे, असं मी घरी तावातावाने मांडलं. कुंता भाकरी थापत होती.

"मलेबी तिची याद येते," ती म्हणाली. "पन मी काई ती हारावी म्हनून बसत नाई."

रविवारी पाणी गुडघ्याखाली आलं होतं, आता थांबलो असतो तर मासे मेले असते. आमच्या घरचा हात कुंताचा लागला. मी दोराकडे निघालो तर मुखरूभाऊंनी मला काठावर बसवलं आणि म्हणाले, "तू टाळ्या वाजव."

तेवढ्यात पायलचा व्हिडिओ कॉल आला. तिने जाळं दाखवायला सांगितलं. मी फोन तिकडे वळवला.

"माह्या जागी आई हाये," ती हळूच म्हणाली. मग तिने सांगितलं की त्यांनी नववा नंबर जिंकला, म्हणून पुढच्या स्पर्धेतही घेतलंय. आता तिथूनच परस्पर जायचं.

मी फोन मांडीवर ठेवून खूप टाळ्या वाजवल्या. डोळे पुसायला हात मोकळेच नव्हते.

हरलेल्यांना घरी पाठवा, हे माझं मत मी आता सुधारलं आहे. जिंकलेल्यांनाही पाठवा.