उत्तमकाकांची दुर्बीण आणि माझा फिरलेला सौदा

"सप्तर्षीच्या फाट्यावर उतर. वाकड्या दांडीच्या सडकेनं सरळ जाय. पयला मोठा दिवा लागन, तो स्वाती. पुढं चित्रा, तिथं गाडी चार मिंटं थांबते."

रिठदच्या उत्तमकाकांना तारा विचारला की असा पत्ता मिळतो. तीस वर्षं एसटी चालवली, तीही बहुतेक मुक्कामी. परक्या गावात गाडीच्या टपावर झोपून हा माणूस आभाळ पाठ करत होता. निवृत्त झाल्यावर म्हणाले, "गजू, मले दुर्बीण पायजे. भाव तू कर."

भाव मीच करणार! रिसोडात मी मोटारींचे सुटे भाग विकतो. हातगाडीपासून दुकानापर्यंत आलो तो तोंडाच्या जोरावर. नागपूरच्या दुकानदाराशी दोन दिवस भांडलो. तीनदा पायरी उतरलो, तीनदा त्यानं परत बोलावलं. साध्या दुर्बिणीच्या भावात कंप्युटरवाली काढली. बटण दाबा, ती स्वतः फिरून तारा धरते. आठ दिवसांत बदलून देण्याची बोलीही करून घेतली, ती केवळ सवयीनं.

काकांच्या गच्चीवर ती सुरू केली. तिनं आधी गाव विचारलं. यादीत मुंबई होती, नागपूर होतं. रिठद सोडा, वाशीमही नव्हतं.

"नागपूर टाका," मी म्हणालो.

"काहून? मी नागपुरात उभा हाव काय? वाशीमच्या मध्यमेश्वराच्या देवळातून जुन्या लोकायनं जगाची मधली रेघ नेली, अन् हिले वाशीम माईत नाई? हे मले आभाळ दाखवन?"

मी मोबाईलवर बघून रिठदचे अक्षांश-रेखांश टाकले. घर्र करत ती वळली आणि मिनिटभरात शनी दाखवला, कड्यासकट. शांताकाकूंनी डोळा लावला, "मस्त हाय" म्हणाल्या आणि भाकरी टाकायला खाली निघून गेल्या.

काकांचं तोंड उतरलं. "हे नको. हातानं फिरवाची आण. डायवर मी हाव का हे?"

माझं डोकंच फिरलं. माझा सौदा आजवर कुणी फिरवला नव्हता! जादाच्या बॅटऱ्या त्यांच्यासमोर आपटून मी निघून आलो.

सातव्या दिवशी, दिवेलागणीला, सोक्षमोक्ष लावायला गेलो. गच्चीवर काका घामाघूम. यंत्राच्या बॅटऱ्या काढून, पेच सैल करून ते नळी हातानं फिरवत होते. शेजारी सतरंजीवर काकू शेंगा फोडत बसल्या होत्या.

"शनी कुठंसा आला?" काकूंनी विचारलं.

"येऊन राह्यला. बस, एक वळण बाकी हाय."

"काका," मी आवाज चढवला, "बदलायची मुदत उद्या संपते. हिच्यात खोट काय ते सांगा, नाहीतर गपगुमान ठेवून घ्या!"

त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. काकूंनीच मला खुणेनं जवळ बसवलं आणि हळूच म्हणाल्या, "शनी तं मले कवाचाच दिसून राह्यला, त्या लिंबाच्या वर. ह्यायले सांगजो नको. तीस वर्सं हा माणूस मुक्कामी गाडीवर. आता कुठं बाजूले बसाले भेटला."

मी आणलेलं भांडण तसंच घेऊन खाली उतरलो.

सौदा माझाच बरोबर होता, हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन. पण दुसऱ्या दिवशी काकांकडून दुर्बीण उचलली आणि नागपूरच्या दुकानात तिचं खोकं टेबलावर ठेवलं.

"काय बिघडलं?" दुकानदारानं विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "हिला फार लवकर सापडतं."