बोंबलाशेजारची पानं

गेल्या मंगळवारी दुपारी, आशागडच्या बैठकीत, वाडीवाल्यांनो, तुम्ही नलिनी राऊत मॅडमना ‘फुटलेली बाई’ म्हणालात. मी तिथेच पत्रकं वाटत होतो. सगळं ऐकलं.

मॅडम कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या. घरात सूक्ष्मदर्शक, आणि प्रवासात मांडीवर अॅल्युमिनियमचा कॅन. त्यात द्रव नायट्रोजन. गुरांच्या डॉक्टरांकडून भरून आणतात. रिक्षात एखादी मावशी हमखास विचारते, “दूध कसं दिलं, बाई?” मॅडम झाकण जरासं उचलतात. पांढरी वाफ मावशीच्या पायांवर उतरते. मावशी विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचं नाव घेत तिथेच उतरते.

त्यांचं पालुपद एकच: “हळू गारठलं की फाटतं.” पान साध्या फ्रीजरमध्ये ठेवलं, तर आतल्या पाण्याचे सावकाश मोठे, टोकदार खडे होतात आणि पेशी फाडतात. नायट्रोजनमध्ये बुडवलं, तर खडे वाढायला सवडच मिळत नाही. पेशी होती तशी राहते. हे त्या कुल्फीवाल्याला ऐकवतात, रुसलेल्या नवरा-बायकोलाही. “भांडायचं तर झटकन भांडा. हळू गारठलं की फाटतं!”

सरावलीच्या विनूकाकांच्या चिकूच्या वाडीत पानं करपताहेत. कारखान्याच्या धुराने, असं आपलं म्हणणं. कारखान्याविरुद्ध परवा सुनावणी आहे. पुरावा म्हणून काकांनी पानं तोडली आणि मॅडमकडे देईपर्यंत प्रेमाने घरच्या फ्रीजरमध्ये ठेवली. बोंबलाशेजारी. मॅडमच्या सूक्ष्मदर्शकाखाली पेशी न् पेशी फाटलेली. बैठकीत फोटो पाहून टाळ्या पडल्या. मॅडम उठल्या.

“हे धुराने नाही. फ्रीजरने फाटलंय.”

“तुम्ही कोणाच्या बाजूने, मॅडम?” काका ओरडले.

“पानाच्या! वाडीत येऊन ताजं पान तिथेच गोठवते. धुराने काही केलं असेल तर दिसेल. हे नेलंस, विनू, तर त्यांचा वकील नुसत्या वासावर केस जिंकेल.”

कोणी हसलं नाही. पानं तीच न्यायची ठरली.

काल मी मॅडमबरोबर सरावलीला गेलो. वाडीच्या फाटकाला कुलूप. काका ओट्यावर होते. उठून आत गेले. एक फांदी कुंपणाबाहेर आली होती. “घ्या ना मॅडम, पटकन,” मी म्हणालो.

“मालकाला न विचारता? नको.” त्यांनी फांदी नुसती थोपटली, इंजेक्शनआधी पोराला थोपटावं तशी.

परतताना रिक्षात म्हणाल्या, “विनू भांडला असता तर बरं होतं रे. मंगळवारपासून चहालासुद्धा कोणी येत नाही.” कॅन मांडीवर घट्ट धरलेला. झाकणाखालून वाफ निसटत होती. नायट्रोजन काही आपल्यासाठी थांबत नाही.

वाडीवाल्यांनो, तो धूर तुमच्याही झाडांवर उतरतो. मॅडमना शिव्या द्यायच्यात? द्या, तोंडावर, झटकन. पण आज फाटक उघडा.