आक्का पिंजऱ्यात सापडली

वेळशेतच्या किनाऱ्यावर खेकड्यांनी माणसांसाठी पिंजरे लावायला सुरुवात केली ती माघ लागला तेव्हा, आणि पौर्णिमेपर्यंत सात जण सापडले.

पिंजरे अगदी स्वस्तातले होते. फाटक्या जाळ्यांचे तुकडे, बांबूच्या चार कामट्या, वाहून आलेले थर्माकोलचे ठोकळे. त्यात नवीन असं काही नव्हतं. कल्पना मात्र वासुदेव मयेकरांच्या पिंजऱ्यावरून उचललेली होती, आणि गावात हे सगळ्यांना माहीत होतं.

वासुदेव मयेकर तालुक्याच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. लग्न केलेलं नव्हतं. निवृत्त होऊन गावी आले, तेव्हा दुपारची वेळ कशात घालवायची हा प्रश्न पडला, म्हणून त्यांनी शुक्रवारच्या बाजारातून नायलॉनचे दोन पिंजरे आणले. बादल्या आणि झाडूंच्या शेजारी टांगलेले असतात, छत्रीसारखे मिटतात, ते. मधोमध बांगड्याची दोन डोकी बांधायची, दोरी धरून कातळावरून पाण्यात सोडायचा आणि पाव तासाने झटक्यात वर ओढायचा. असल्या पिंजऱ्याला दार नसतं. खेकडा आला तसा जाऊ शकतो. पण समोर बांगड्याचं डोकं असताना तो जात नाही, एवढ्यावरच सगळा कारभार चालतो.

दिवाळीत यातल्या एका पिंजऱ्याची दोरी सुटली. खेकड्यांनी तो दोन महिने नीट पाहिला.

पहिली माणसं सापडल्यावर ग्रामपंचायतीने वासुदेवरावांना नोटीस दिली. पिंजऱ्याचा नमुना पुरवल्याबद्दल सात दिवसांत लेखी खुलासा करावा. त्यांनी तीन ओळींचा खुलासा दिला. दोरी जुनी होती. हेतू नव्हता. दुसरा पिंजरा घरी आहे, पाहणीसाठी केव्हाही मिळेल. ग्रामसेवकांनी तो फाइलला लावला आणि प्रकरण तिथेच थांबलं.

खेकडे आमिष मात्र विचार करून लावत. पोस्टमनसाठी त्यांनी पिंजरा अशा जागी मांडला की तिथे मोबाइलला पूर्ण रेंज येत होती. त्यात पोस्टमनबरोबर आणखी दोघे सापडले. दुकानदाराच्या भाच्यासाठी सावलीत एक खुर्ची होती, एवढंच. भरतीचं पाणी चढलं की खेकडे दोरी ओढत आणि पिंजरा माणसासकट समोरच्या बेटावर नेत. पौर्णिमेला सगळे परत येत. तब्येती सुधारलेल्या असत. भाचा चार दिवस दारातून आडवा शिरत होता, पण नंतर ते गेलं. बेटावर तुम्हाला काय करायला लावतात, असं ग्रामसभेत विचारलं तेव्हा पोस्टमन म्हणाला, “कामं असतात.” त्यावर कुणी जास्त विचारलं नाही.

पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी, दुपारी साडेतीनला, शेजारच्या चंद्रकलाबाई वासुदेवरावांच्या अंगणात धापा टाकत आल्या.

“भाऊ, तुमची आक्का सापडली.”

वासुदेवराव पायरीवर बसून राहिले. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण सुलोचना शिवलकर. वरच्या वाडीत राहायची, नवरा वारलेला, मुलगी पुण्याला दिलेली. वरची वाडी आणि खालची वाडी यांत दहा मिनिटांची चढण, पण बहीणभावांत बारा वर्षं बोलणं नव्हतं.

“केतकी आलीय बाळंतपणाला,” चंद्रकलाबाई म्हणाल्या. “नऊ दिवसांवर आलंय. आणि आई महिनाभर बेटावर! त्या पोरीनं काय करायचं?”

वासुदेवरावांनी चपला घातल्या.

ओहोटीचा कातळ अजून उघडा होता. कडेला पिंजरा होता आणि आत एका पाटावर आक्का बसली होती. समोर कालवांचा ढीग. हातात लहानशी कोयती. एकेक कालव उचलायची, शिंपला फोडायची, मांस वाटीत टाकायची. खेकड्यांनी तिला बरोबर ओळखलं होतं. आक्काला सोललेली कालवं दिली असती, तर तिने ढुंकून पाहिलं नसतं. अर्धवट पडलेलं काम मात्र तिला लहानपणापासून बघवत नसे.

“आक्का,” वासुदेवराव म्हणाले. “पिंजऱ्याला दार नाही. बाहेर ये.”

आक्काने त्यांच्याकडे पाहिलं नाही. शेजारच्या दगडावर एक मोठा, काळपट हिरवा खेकडा बसला होता, पिंजऱ्यांचा मुकादम. ती त्याला म्हणाली, “यांना सांगा, एवढी संपली की उठते.”

“एवढी संपली की उठतील,” मुकादम म्हणाला.

पण ती संपत नव्हती. मागून दोन लहान खेकडे सारखी नवी कालवं आणून टाकत होते.

वासुदेवराव मुकादमाकडे वळले. “भरती किती वाजता?”

“पाणी इथे चार वीसला लागतं. चार वीसला ओढतो.”

“जरा पाच मिनिटं मागेपुढे?”

“तसं करता येत नाही.” मुकादमाचा आवाज सौम्य होता. “मला ओळखलं नाही तुम्ही. तुमच्या पिंजऱ्यात मी दोनदा आलो होतो. दोन्ही वेळा तुम्ही हातात घेऊन बघितलंत आणि लहान आहे म्हणून सोडलंत.”

“वाढलात बरेच.”

“हो. तुमच्याबद्दल मनात काही नाही. पण वेळ ती वेळ.”

आक्का शिंपला फोडता फोडता मुकादमालाच म्हणाली, “बरोबर आहे तुमचं. गाडी वेळेवर सोडायची असते. यांना विचारा.”

वासुदेवराव कातळावर खाली बसले.

बारा वर्षांपूर्वी केतकी रत्नागिरीला शाळेत होती. गॅदरिंगमध्ये तिचा नाच होता. आयुष्यात एकदाच नाचली ती. आक्का सव्वा दोनची गाडी पकडायला स्टँडच्या फाटकातून पळत आली, डोक्यावर पिशवी, पिशवीत मुलीचे घुंगरू. नियंत्रकाच्या खिडकीत तिचा सख्खा भाऊ होता. गाडी सव्वा दोनला गेली. पुढची पाचला होती. केतकी बिनघुंगरांची नाचली आणि आई पोचली तेव्हा खुर्च्या उचलत होते. मला दिसली नाहीस गर्दीत, असं वासुदेवराव त्या दिवशी म्हणाले होते, आणि नंतर जो कुणी विचारील त्याला बारा वर्षं तेच सांगत आले होते.

चार वाजले. पाणी कातळाच्या फटींतून वर यायला लागलं.

“आक्का,” ते म्हणाले, “मला दिसली होतीस तू.”

कोयती थांबली नाही.

“फाटकातून शिरलीस तेव्हाच दिसलीस. हिरवं लुगडं होतं. मी घड्याळ बघितलं आणि शिट्टी मारली. ड्रायव्हर म्हणत होता, थांबू का साहेब? मीच म्हटलं, नको.”

“माहीत होतं मला,” आक्का म्हणाली. बारा वर्षांत ती पहिल्यांदा त्यांच्याशी बोलत होती. “तुला लांबचं चांगलं दिसतं. लहानपणी खाडीपलीकडची म्हैस कुणाची ते सांगायचास.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू सांगायची वाट बघत होते. आणि मेल्या, सांगितलंस ते कधी, पाणी पायाला लागल्यावर!” तिने डोळे दंडाने पुसले, हात कालवांनी भरले होते. “केतकीचं कसं व्हायचं रे वासू? तिला पहिलटकरणीला कोण बघणार?”

“मग ऊठ ना!”

“उठवत नाही. हे बघ, एवढीच राहिली आहेत.”

एवढीच नव्हती. ढीग होता तेवढाच होता. तिला ओढून काढावं असंही वासुदेवरावांच्या मनात आलं, पण आक्काला तिच्या कामावरून ओढून उठवलेलं कुणी ऐकलेलं नव्हतं. ते उभे राहिले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पिंजऱ्यात शिरले. तिच्यासमोर बसले. एक टोकदार दगड उचलला आणि कालवं फोडायला लागले.

“तुला जमायचं नाही,” आक्का म्हणाली. “बोट कापशील.”

“आईबरोबर मी पण जायचो.”

“जायचास आणि खायचास.”

बोट कापलंच. पण हात बसला. दोघं समोरासमोर बसून फोडत होती आणि दोन्ही लहान खेकडे जेवढी आणत होते त्याहून जास्त वाटीत पडत होती. खेकड्यांनी वेग वाढवला. मग त्यांची दमछाक झाली, आणि एकदा तर एक जण रिकाम्या नांगीनेच परत आला. मुकादमाने हे सगळं पाहिलं. त्याने आणखी दोघांना कामाला लावलं नाही. पिंजऱ्यामागे दोघेच, असं त्यांच्यात ठरलेलं होतं आणि तो नियम सोडून वागणारा नव्हता.

चार सतराला शेवटचं कालव आक्काने फोडलं. पुढचं आलं नव्हतं. तिने कोयती पाण्यात धुतली, पाटावर आडवी ठेवली, वाटी पदराखाली घेतली आणि पिंजऱ्यातून बाहेर पडली. कातळावर उभी राहून तिने मागे पाहिलं.

वासुदेवराव आतच होते.

“अरे, ये की!”

“येतो,” ते म्हणाले आणि बसून राहिले. त्यांच्यासाठी कुणी काही आमिष लावलेलं नव्हतं. त्यांनी सगळीकडे पाहिलंसुद्धा. पण आक्का नुकतीच जिथे बसली होती तो पाट समोर होता आणि त्यांना तिथून उठवत नव्हतं, एवढं खरं.

“वासू, पाणी आलं रे!”

“तू घरी जा. केतकी एकटी आहे. रात्रीला सुईणबाईंना झोपायला बोलाव, त्यांचा मुलगा डॉक्टरच्या गाडीवर आहे. आणि मी काय, पौर्णिमेला येतोच.”

चार वीसला दोर ताणले गेले. वासुदेवरावांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि मुकादमाकडे बघून मान हलवली. मुकादमाने नांगी किंचित उचलली.

बेटावर त्यांना भरती-ओहोटीच्या नोंदी आणि पिंजऱ्यांच्या वेळा लावायचं काम मिळालं. दोन पिंजरे एकाच वेळी ओढले जाऊन दोऱ्या गुंतायच्या; ते त्यांनी चार दिवसांत बंद केलं. आक्का रोज ओहोटीला कातळाच्या टोकाशी येऊन पलीकडे ओरडायची. जेवलास का? बोट भरलं का? तेही ओरडून उत्तर द्यायचे. बारा वर्षांचं बोलणं साठलेलं होतं आणि मधे खाडीचं तोंड होतं, त्यामुळे सगळ्या गावाला ते ऐकायला मिळालं.

नवव्या दिवशी केतकीला मुलगा झाला. बारसं बाळाच्या बाराव्या दिवशी ठरलं. त्या दिवशी पौर्णिमेला अजून पाच दिवस उरणार होते.

वासुदेवरावांनी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज दिला. कारण: भाचीच्या मुलाचं बारसं. असा अर्ज बेटावर पूर्वी कुणी केलेला नव्हता. तीन दिवस तो फिरत राहिला. शेवटी मंजूर झाला, पण सोबत कुणीतरी जबाबदार जाईल या अटीवर. मुकादम स्वतः निघाला.

दोघे दुपारी वरच्या वाडीत पोचले. मुकादमाला चढणीला वेळ लागतो म्हणून वासुदेवराव मधे मधे थांबत होते. ओटीवर बायका बसल्या होत्या, त्यांनी सरकून जागा करून दिली. चंद्रकलाबाईंनी दोघांच्या पायांवर पाणी घातलं. मुकादमाच्या सगळ्या पायांवर घालायला त्यांना बराच वेळ लागला.

“मामा आला,” केतकी आतून म्हणाली आणि रडायला लागली. वासुदेवरावांनी बाळ हातात घेतलं, उजेडाकडे धरून नीट पाहिलं आणि आक्काला म्हणाले, “कपाळ आपल्या आईचं.”

“नाक तुझं,” आक्का म्हणाली. “नशीब त्याचं.”

नाव अनिरुद्ध ठेवलं. मग घुगऱ्या वाटल्या. मुकादमासमोर केळीच्या पानाचा तुकडा मांडला. त्याने चार दाणे खाल्ले, चांगल्या शिजल्यात म्हणाला. बाळ किरकिर करायला लागलं. पाळणा कुणी हलवायचा यावर बायकांची बोलाबोली चालली होती, दोरी तशीच खाली लोंबत होती.

मुकादमाने ती नांगीत धरली, आणि बाळ झोपेपर्यंत सोडली नाही.