ढिम्मचा वेग अकरा

निवृत्त वाहतूक हवालदारांचा उजवा गुडघा शेकाच्या पिशवीखाली होता आणि पाय पट्ट्याने टेबलाला बांधलेला होता, त्यामुळे त्यांना उठून जाता येत नव्हतं. डॉक्टर त्यांना आपल्या मुलीबद्दल सांगत होते. या आठवड्यातली ही चौथी वेळ होती.

"तीनशे बारा जण होते स्पर्धेत," त्यांच्या टाचेला हलकेच रेटा देत डॉक्टर म्हणाले. "आता दोघं उरलेत. उद्या सकाळी अंतिम सामना. त्या दोघांतली एक आपली ठकू."

"परवा तीनशे दहा म्हणाला होतात."

"दोघं उशिरा आले होते."

डॉक्टर म्हणजे फिजिओथेरपिस्ट. घराखालीच त्यांचा दोन खोल्यांचा दवाखाना होता आणि गेली बावीस वर्षं ते तिथे आखडलेले खांदे, अवघडलेल्या माना आणि रुसलेले गुडघे हलते करत होते. ठकू त्यांची एकुलती एक मुलगी. वय एकोणीस. तिचं खरं नाव चांगलं भारदस्त होतं, पण घरात ते फक्त परीक्षेच्या निकालाच्या दिवशी वापरलं जाई. ठकू टॅबवर एक खेळ खेळायची. त्यात चित्रविचित्र प्राणी पाळायचे, त्यांना तयार करायचं आणि दुसऱ्यांच्या प्राण्यांशी झुंजवायचं. सुरुवातीला डॉक्टरांनी यावर नाक मुरडलं होतं. पण ती पहिल्या आठांत आली, मग चौघांत आली, आणि तेव्हापासून दवाखान्यात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला तिच्या संघाची माहिती तोंडपाठ झाली होती.

संघ तिघांचा. झुंजीत एका वेळी दोघं उतरायचे, तिसरा बाहेर थांबायचा, आणि एकदा मैदान सोडलं की त्या झुंजीत परत येता यायचं नाही. वटवट नावाचा पक्षी, छत्री नावाची एक लिबलिबीत बाई आणि ढिम्म.

"ढिम्म शेवटी येतो आणि एका फटक्यात समोरच्याला आडवं करतो," डॉक्टर म्हणाले. "कसं ते मला विचारू नका. पण करतो."

"बघू तरी कसा दिसतो."

ठकू प्रात्यक्षिकासाठी कॉलेजला गेली होती, पाचला येणार होती. वरच्या मजल्यावरचा सॉकेट बिघडला होता म्हणून तिने टॅब दवाखान्यात चार्जिंगला लावला होता आणि जाताना बजावलं होतं, "तासाभराने चार्जर काढा बाबा. बाकी काही करू नका." डॉक्टरांनी चार्जर काढला. इथपर्यंत सगळं सांगितल्याप्रमाणे झालं.

पडद्यावर ढिम्म दिसला. शेवाळं धरलेला मोठा धोंडा, त्याला दोन झोपाळू डोळे. हवालदारांनी बराच वेळ वाट पाहिली.

"हा हलत का नाही?"

डॉक्टरांनी चष्मा लावून खालची पाटी वाचली. ताकद एकशे चाळीस. वेग अकरा. त्यांनी इतरांच्या पाट्या पाहिल्या. वटवटचा वेग एकशे वीस होता. छत्रीसारखी छत्री, तिचाही पन्नास होता.

"अकरा," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. कंबर धरून, भिंतीचा आधार घेत आलेली माणसं त्यांनी जिने चढवून परत पाठवली होती, आणि त्यांच्या स्वतःच्या घरात, त्यांच्या मुलीच्या हाताखाली, एक जण अकरावर बसून होता.

"व्यायाम नसेल," हवालदार म्हणाले.

खेळात 'तालीम' नावाची एक जागा होती. तिथे प्राण्याला उड्या मारायला, पळायला, चढायला लावता यायचं. डॉक्टरांनी ढिम्मला आधी थोडं ताणायला लावलं, मग सावकाश चालवलं, मग पळवलं. एकदम भार द्यायचा नाही, हे ते रुग्णांना सांगत तसं हवालदारांना सांगत होते. वेग अकराचा वीस झाला. हवालदारांनी पट्टा सोडवून घेतला आणि ते स्टूल ओढून शेजारी बसले. पस्तीस झाला. पन्नास झाला. इतक्या दिवसांत हवालदार आपल्या गुडघ्याविषयी जेवढे आशावादी झाले नव्हते तेवढे ढिम्मविषयी झाले.

चौसष्टवर एक घंटा वाजली आणि अक्षरं उमटली : 'ढिम्मला नवा डाव शिकायचा आहे, कोलांटी. त्यासाठी एक जुना डाव विसरावा लागेल.' जुन्या डावांत पहिलंच नाव 'घोरणं' असं होतं.

"घोरणं कोणी आपणहून विसरत असेल तर अडवू नये," हवालदार म्हणाले.

ढिम्मने कोलांटी मारून दाखवली. डॉक्टरांना भरून आलं. तारीख घालून ही प्रगती कुठेतरी टिपून ठेवावी म्हणून त्यांनी टॅबखाली ठेवलेली ठकूची वही उघडली. पहिल्याच पानावर तिच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं :

'सगळा डाव ढिम्मच्या संथपणावर. छत्री मार अंगावर घेईल, तेवढ्यात वटवट क्रम उलटा करेल. क्रम उलटला की चार फेऱ्या सगळ्यात हळू असलेला सगळ्यात आधी मारतो. मग वटवट बाहेर, ढिम्म आत. दमला की घोरणं, म्हणजे ताकद परत. वेग अकराच्या वर एकानेही जाता कामा नये. चार महिने लागले.'

शेवटच्या तीन शब्दांखाली दोन रेघा होत्या.

डॉक्टरांनी ते पान दोनदा वाचलं आणि वही हवालदारांपुढे सरकवली. हवालदारांनी ती एकदाच वाचली, कारण त्यांच्या लगेच लक्षात आलं.

"म्हणजे तो मुद्दाम हळू होता," ते म्हणाले.

डॉक्टरांनी पुन्हा पाटी पाहिली. वेगाकडे बघण्याच्या नादात त्यांनी वरची ओळ पाहिलीच नव्हती. ताकद एकशे चाळीसवरून शंभरावर आली होती. मेहनत मोजकीच असते, इकडे दिली की तिकडे कमी होते.

"झालेलं सगळं रद्द करायचं काहीतरी असेलच," डॉक्टर म्हणाले. खूप ठिकाणी बोट लावल्यावर एक पान उघडलं. त्यावर बारीक अक्षरांत बराच मजकूर होता आणि खाली दोन बटणं होती, एक हिरवं आणि एक लाल. डॉक्टर मजकूर वाचू लागले तेवढ्यात हवालदारांनी त्यांना थांबवलं. चौकात उभं राहून त्यांनी अडतीस वर्षं काढली होती आणि या एका विषयात त्यांचा अधिकार कोणी नाकारला नव्हता.

"हिरवं म्हणजे पुढे जा. लाल म्हणजे थांबा," ते म्हणाले. "आपल्याला थांबायचंय."

डॉक्टरांनी लाल बटण दाबलं. पडद्यावर एक भलंमोठं कुलूप आलं, ते खाडकन बंद झालं, आणि खाली ओळ उमटली : 'अंतिम सामन्यासाठी तुमचा संघ सीलबंद झाला आहे. आता बदल करता येणार नाहीत.'

हवालदारांना आपल्याला आज लवकर घरी जायचं असल्याची आठवण झाली. गुडघा बांधून आलेला माणूस इतक्या झपाट्याने चालत गेलेला त्या दवाखान्याने पहिल्यांदाच पाहिला, पण ते बघायला डॉक्टरांचं लक्ष ठिकाणावर नव्हतं.

चहा घेऊन ठकूची आई खाली आली. ती मोजणी खात्यात होती आणि लोकांच्या जमिनींच्या हद्दी आखून द्यायची. तिने नवऱ्याचा चेहरा पाहिला, कप ठेवला आणि सगळं ऐकून घेतलं.

"फरक किती पडलाय?"

"त्रेपन्न."

"आमच्याकडे त्रेपन्न सेंटिमीटरवरून सख्ख्या भावांची बोलणी बंद होतात," ती म्हणाली. "ती आली की तुम्हीच सांगा. मी मध्ये पडणार नाही."

ठकू पाचला आली. डॉक्टरांनी तिला रुग्णाच्या टेबलावर बसवलं आणि, वाईट बातमी सांगताना ते सांगत तसं, सरळ आणि थोडक्यात सांगितलं. ठकू ओरडली नाही. तिने टॅब घेतला, पाटी पाहिली, कुलूप पाहिलं.

"घोरणं पण?"

"हो."

"आणि त्याच्या जागी काय?"

डॉक्टरांना तो शब्द उच्चारवेना. शेवटी ते म्हणाले, "कोलांटी."

ठकू तिथेच आडवी झाली आणि छताकडे बघत पडून राहिली. डॉक्टर भिंतीला टेकून उभे होते. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्या टेबलावरच्या माणसाला काय करायला सांगावं हे त्यांना सुचत नव्हतं. मुलीचा त्यांना इतका अभिमान होता की तो मिरवताना आपण तिच्या चार महिन्यांवर पाय दिला, हे त्यांना आता कळत होतं, आणि कळून उपयोग नव्हता.

अर्ध्या तासाने ठकू उठून बसली. तिची उद्याची प्रतिस्पर्धी एक भूलतज्ज्ञ बाई होती, पन्नाशीची, एका मोठ्या रुग्णालयातली. समोरच्याला गुंगी आणायची आणि मग निवांत हरवायचं, अशी तिची पद्धत. तिचे मागचे सामने कोणालाही बघता येत होते. ठकूने ते लावले आणि ती एकाच जागी पुन्हा पुन्हा थांबू लागली.

"बाबा, इकडे या. हा तिचा कासवासारखा प्राणी बघा. वेग किती दिसतोय?"

"दहा."

"आणि हा दुसरा?"

"चौदा. हा तिसरा सोळा. ही पण व्यायाम देत नाही का?"

"ही मला अडवायला मुद्दाम हळू राहिलीये," ठकू म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "ढिम्म अकराचा, म्हणून तिने दहाचा तयार केला. मी क्रम उलटा केला की तिचाच आधी जाणार आणि ढिम्मला झोपवणार. माझ्याच डावावर ती जिंकणार होती. उद्या मी होता तसा संघ घेऊन गेले असते तर हरले असते."

"मग आता?"

"आता मी क्रम उलटा करणारच नाही."

सकाळी सभागृह भरलं होतं. डॉक्टर आणि ठकूची आई तिसऱ्या रांगेत बसले होते, आणि आईने त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की शेजारच्यांशी बोलायचं नाही. समोर मोठ्या पडद्यावर एका बाजूला छत्री आणि वटवट उतरले, दुसऱ्या बाजूला दहाचं कासव आणि सोळाचा एक सुस्त बोका. भूलतज्ज्ञ बाई खुर्चीत स्वस्थ बसल्या होत्या. सगळं त्यांच्या अपेक्षेप्रमाणे चाललं होतं.

पहिल्या फेरीत वटवटने क्रम उलटा करायचा असतो, हे आता सभागृहातल्या लहान मुलांनाही माहीत होतं. वटवटने तसं काहीच केलं नाही. तो चोच मारून बाहेर गेला आणि ढिम्म आत आला. बाई किंचित पुढे सरकल्या. दुसरी फेरी सुरू झाली. कासवाने अजून मान बाहेर काढली नव्हती तेवढ्यात ढिम्मने त्याला हाणलं. ताकद शंभरच असल्यामुळे ते पहिल्या फटक्यात पडलं नाही. डॉक्टरांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. कासवाने गुंगीचा धूर सोडला, पण छत्री मध्ये आली, तिने तो सगळा अंगावर घेतला आणि ती झोपी गेली. तिसऱ्या फेरीत पुन्हा ढिम्मच आधी. कासव पडलं. मग बोकाही दोन फटक्यांत पडला, पण पडण्याआधी त्याने छत्रीला संपवलं आणि ढिम्मलाही चांगलंच ओरबाडलं.

आता बाईंचं चौदाचं एक घुबड उरलं होतं आणि ढिम्म अर्धमेला झाला होता. घोरून ताकद परत आणायची सोय नव्हती. ढिम्मने हाणलं, घुबड डगमगलं पण उभं राहिलं. त्याची भूल बसायला एक फेरी लागायची आणि एकदा बसली की उतरायची नाही. त्याने पंख पसरले. ठकूने क्षणभर वडिलांच्या रांगेकडे पाहिलं आणि पुढचा डाव दिला.

तो शेवाळलेला धोंडा जागेवरून उठला आणि त्याने कोलांटी मारली. भूल त्याच्या खालून निघून गेली. सभागृहात आधी कोणाला काही समजलं नाही, मग हशा पिकला, आणि तो थांबायच्या आत ढिम्म घुबडावर येऊन पडला होता.

डॉक्टर उभे राहिले. टाळ्या वाजवताना त्यांना समोरचं नीट दिसत नव्हतं. शेजारचा माणूस त्यांना विचारत होता, "ढिम्मला पळायला शिकवायचं हे सुचलं कसं असेल हिला?" डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं, मोठा श्वास घेतला आणि म्हणाले, "मला त्यातलं काही कळत नाही. पण मुलगी माझी आहे."

बक्षीस घेऊन ठकू खाली आली तेव्हा भूलतज्ज्ञ बाईही तिच्यामागोमाग आल्या. हरल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं, कुतूहल होतं.

"महिनाभर मी त्या अकरावर काम केलं," त्या म्हणाल्या. "आणि शेवटच्या दिवशी तू तो अकराच काढून टाकलास. ही कल्पना कोणाची?"

"तिचीच," डॉक्टर घाईने म्हणाले.

"बाबांची," ठकू म्हणाली. "तालीम, कोलांटी, सगळं त्यांनीच बसवलं. मी फक्त सामना खेळले."

डॉक्टरांची मान आपोआप ताठ झाली. बाईंनी त्यांच्याकडे आदराने पाहिलं.

"पुढच्या महिन्यात माझी दुसरी स्पर्धा आहे," त्या म्हणाल्या. "तुमची हरकत नसेल तर माझ्या संघावरही एकदा नजर टाकाल का?"

डॉक्टर काही बोलणार तोच ठकूने मोठ्या मनाने उत्तर देऊन टाकलं.

"जरूर टाकतील. शनिवारी दुपारी या. टॅब त्यांच्या हातात द्या आणि तासभर कुठेतरी जाऊन या."