केळुसकर सरांचं परराष्ट्र धोरण

केळुसकर सरांची कुणाशी ओळख करून द्यायची म्हटलं की मला आधीच घाम फुटतो. समोरचा माणूस "नमस्कार" म्हणतो न म्हणतो, तोच सर त्याचा हात धरून विचारतात, "मला एक सांगा, अमेरिकेने फ्रान्सला दगा दिला का?"

आता समोरचा असतो बिचारा नागपूरहून लेकाकडे आलेला, हातात बटाटेवड्याची कागदी प्लेट. तो बायकोकडे बघतो. बायको माझ्याकडे बघते. मी छताकडे बघते.

"अहो, इंग्लंडशी लढताना ह्यांना सैन्य कुणी दिलं? आरमार कुणी दिलं? फ्रान्सने! रीतसर तह झाला होता. पुढे फ्रान्सचंच इंग्लंडशी जुंपलं, तेव्हा ह्यांचे पहिले अध्यक्ष काय म्हणाले? आम्ही तटस्थ! बोला, बरोबर की चूक?"

पाहुणा घाबरून "चूक" म्हणाला, की सर त्याला कोपऱ्यात घेऊन बरोबर कसं ते समजावतात. राष्ट्र नवं, तिजोरी रिकामी, आणि तह झाला होता राजाशी, त्या राजाचं मुंडकं तर फ्रान्सवाल्यांनीच उडवलं होतं, मग तह उरतो कुठे? पण पाहुणा "बरोबर" म्हणाला तर सर एकदम गप्प होतात आणि वडा खायला लागतात. मला ह्याचं नवल वाटायचं, पण विचारायला कोण जातंय? विषय संपला हेच मोठं.

सर मूळचे साताऱ्याचे. तरुणपणी कॅनडात आले आणि ओटावात उभा जन्म कॅनडियन मुलांना अमेरिकेचा इतिहास शिकवला, तोही फक्त सुरुवातीच्या अध्यक्षांचा. त्यानंतरची अमेरिका त्यांना मान्य नाही. टीव्हीवर टॅरिफवरून भांडणं चालली की म्हणतात, "ही पुढची मंडळी. माझी ओळख नाही." आता ते रिटायर झालेत, आणि ओटावाच्याच कनाटा भागात माझ्या अगदी शेजारी राहतात. नशीब माझं!

सकाळी म्युनिसिपालिटीचा स्नोप्लाव, म्हणजे बर्फ लोटणारी गाडी, येतो आणि आम्ही नुकत्याच फावड्याने साफ केलेल्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी बर्फाचा बांध घालून जातो. तो दिसला की सर माकडटोपी घालून दारात येतात आणि ओरडतात, "इंग्रजांचं आरमार आलं!" समोरच्या घरातली गोरी बाई मला एकदा हळूच विचारून गेली, तुमचे सासरे बरे आहेत ना? मी सांगितलं, सासरे नाहीत, शेजारी आहेत. तरी मान खाली गेलीच.

मराठी मंडळात जेवणं उरकली की कार्यकर्ते खुर्च्या उचलायला माणसं गाठतात. सर भर हॉलमध्ये गर्जतात, "पळवले, खलाशी पळवले! इंग्रज हेच करायचे, अमेरिकन जहाजांवरून!" आणि स्वतः खुर्ची सोडत नाहीत. रकून, म्हणजे इथले मांजराएवढे उपद्रवी प्राणी, ओल्या कचऱ्याचा ग्रीन बिन उलटवायला लागले, तेव्हा सरांनी आधी त्यांच्यासाठी रोज पोळ्या ठेवल्या. कारण काय, तर सुरुवातीला अमेरिकासुद्धा समुद्री चाच्यांना खंडणीच देत होती. मग एके दिवशी युद्ध पुकारलं आणि बिनवर दगड ठेवला. दुसऱ्या दिवसापासून रकून माझ्या बिनकडे यायला लागले.

सगळ्यात कहर म्हणजे एम्बार्गो. ग्रोसरीवाल्याने एकदा शिळा कढीपत्ता दिला, म्हणून सरांनी त्या दुकानाशी व्यापार बंद केला. तिसऱ्या अध्यक्षांनी इंग्लंड-फ्रान्सशी केला होता, तसाच. दुकानदाराला त्याचा पत्ताच नाही. इकडे सुनंदाकाकू, म्हणजे सरांची बायको, हिवाळाभर बिनकढीपत्त्याची फोडणी घालतायत. शेवटी त्या माझ्याकडून चोरून न्यायला लागल्या. सरांनी पकडलं तर म्हणतात कसे, "बरोबर आहे! तेव्हाही चोरटा माल अमेरिकेतून कॅनडातच यायचा!"

हसावं की रडावं कळत नसे. बहुतेक वेळा लाजच वाटायची. मी चारचौघांत सरांपासून थोडी लांबच उभी राहायला लागले होते.

मग ह्या हिवाळ्यात मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज आला. व्हँकुव्हरच्या एका बाईंनी लिहिलं होतं, माझे वडील, डॉक्टर पाध्ये, ओटावात केअर होममध्ये आहेत. स्ट्रोकनंतर त्यांची इंग्रजी गेली, मराठी तेवढी राहिली. नर्सेसना त्यांचं काही कळत नाही. दुखतं कुठे हेसुद्धा. मी येऊन-जाऊन असते, पण रोज जाऊन बसणारं कुणी मिळेल का?

ग्रुपवर हात जोडलेले आले, फुलं आली, "गेट वेल सून" आलं. माणूस कुणी आलं नाही. मला आम्हा सगळ्यांचीच लाज वाटली. मला ऑफिस, पण सर तर दिवसभर रिकामे! मी तडक शेजारी गेले.

"सर, डॉक्टर पाध्यांचं केअर होम दहा मिनिटांवर आहे. मी सोडीन, आणीन. तुम्ही फक्त दुभाष्याचं काम करायचं."

सरांचा चेहरा पडला. "नको गं मृणाल. पहिल्या अध्यक्षांचा सल्लाच आहे, परक्यांच्या भानगडीत कायमचं गुंतू नये." आणि ते उठून बेसमेंटमध्ये निघून गेले.

"परके म्हणे!" काकू उसळल्या. "अगं, हे कॅनडात उतरले ते भर थंडीत, नुसत्या स्वेटरवर. ओळख ना देख, पाध्यांनी विमानतळावर स्वतःच्या अंगातला कोट काढून ह्यांना दिला. घरी ठेवून घेतलं, नोकरी लागेपर्यंत पोसलं. मंडळसुद्धा पाध्यांनीच काढलेलं."

"मग?"

"मग काय! पुढे नवी माणसं आली, त्यांना पाध्ये नकोसे झाले. भर सभेत वाट्टेल ते बोलले त्यांना. मंडळ काय बापाची जहागीर आहे का, इथपर्यंत. सभेचे अध्यक्ष हे! पाध्ये ह्यांच्याकडे बघतायत, आता हा बोलेल, मग बोलेल. आणि हे उठून काय म्हणाले? मी तटस्थ आहे." काकूंनी पदराने डोळे पुसले. "आपल्यालाही वाळीत टाकतील म्हणून घाबरले गं. पाध्ये जे उठून गेले, ते पुन्हा आले नाहीत. तेव्हापासून हा माणूस गावभर विचारत सुटलाय, अमेरिकेचं बरोबर की चूक!"

इतकी वर्षं आम्ही ह्या प्रश्नाला हसत होतो.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि ड्राइव्हवेत गाडी गरम करून हॉर्न वाजवत बसले. बराच वेळ कुणी आलं नाही. मग सर आले, नुसत्या स्वेटरवर, आणि मुकाट्याने शेजारी बसले. वाटेत आरमार नाही, फ्रान्स नाही, काही नाही.

पाध्येकाका खिडकीशी खुर्चीत बसले होते, एक हात मांडीवर लुळा. त्यांनी वळून सरांकडे नीट पाहिलं आणि परत खिडकीकडे तोंड केलं. ओळखलं होतं, त्यात शंकाच नको.

नर्स ग्रेसला मात्र आनंद झाला. मराठी बोलणारं माणूस आलं एकदाचं! तिने विचारलं, ह्यांना काय त्रास होतोय? सरांनी विचारलं. काका एकेक शब्द जुळवत म्हणाले, "उशी. टोचते." सरांनी ते इंग्रजीत असं सांगितलं की जणू वर्गात धडा चाललाय. ग्रेसने उशी बदलली. मग सहज हसून विचारलं, "हे तुमचे मित्र का?"

सरांनी मान खाली घातली. "ती विचारतेय, मी तुझा मित्र का."

काका म्हणाले, "सांग तिला. होता एक. माझा कोट दिला त्याला."

सरांनी सांगितलं.

"घरी ठेवला. एका ताटात जेवलो."

सरांनी तेही सांगितलं.

"सभेत माझी अब्रू गेली. तो खुर्चीत होता. म्हणाला... तटस्थ."

सर थांबले. मला वाटलं, आता येणार नवं राष्ट्र आणि रिकामी तिजोरी. मला तिथे उभं राहायचीसुद्धा चोरी झाली होती.

"सांग," काका म्हणाले.

सरांनी शब्दाला शब्द सांगितलं. एक शब्द गाळला नाही. आणि शेवटी, काका बोलले नव्हते ते एक वाक्य स्वतःचं घातलं, इंग्रजीतच, "आणि ते चूक होतं."

ग्रेस हळहळली. "अरेरे! आणि तो मित्र आता कुठे असतो?"

सरांनी हा प्रश्नही इमानेइतबारे मराठीत करून काकांना सांगितला. काका वळले. सरांना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"अजून स्वेटरवरच फिरतो, म्हणावं," ते म्हणाले. "उद्या कोट घालून ये, गाढवा."

"काय म्हणाले ते?" ग्रेसने विचारलं.

सरांनी तोंड उघडलं. उभा जन्म इंग्रजीत लेक्चरं दिलेला माणूस, पण त्यांना शब्द सापडेना. त्यांनी खिडकीकडे तोंड केलं आणि स्वेटरची बाही डोळ्यांना लावली.

मग मीच सांगितलं तिला, उद्या यायला सांगताहेत.